तीन दिवसांत मुंबई : वार, लोकलची दिशा आणि ऊन पाहून आखलेला फेरफटका

मे महिना लागला की आमच्या डोंबिवलीच्या घरी कुणी ना कुणी मुंबई बघायला येतं. येताना यादी घेऊनच येतात. गेटवे, राणीची बाग, नॅशनल पार्क, हाजीअली, मरीन ड्राइव्ह, जमलं तर एखादं नाटक. यादीत चूक काहीच नसते, चूक क्रमात असते. सकाळी बोरिवली, दुपारी भायखळा, संध्याकाळी पुन्हा जुहू असं फिरल्यावर रात्री पाय दुखतात आणि आठवतो तो फक्त दादरचा पूल. गेल्या वर्षी मावसभाऊ साताऱ्याहून मुलांना घेऊन आला, त्यांना मी स्वतः बोरिवलीला नेलं आणि तो सोमवार निघाला. उद्यानाचं दार बंद होतं. मुलांचे चेहरे बघवत नव्हते. तेव्हापासून आलेल्या प्रत्येकाला मी आधी वार विचारते.

मुंबई दक्षिणोत्तर लांबट आहे. सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे वाहतो, संध्याकाळी उत्तरेकडे. त्या लोंढ्याच्या उलट दिशेने फिरलात तर हेच शहर बसून बघता येतं. खालचा सगळा आराखडा त्यावर बेतलेला आहे.

टप्पा १ : आधी वार, मग ठिकाणं

कॅलेंडर घ्या आणि हे तीन वार डोक्यात ठेवा.

सोमवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यातली कान्हेरी लेणी आणि घारापुरीची लेणी बंद. बुधवारी राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बंद आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर बहुतेक वेळा मेगाब्लॉक, म्हणजे देखभालीसाठी घेतलेला खंड, असतो, साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी चारपर्यंत, आणि पश्चिम मार्गावरही अधूनमधून असतो. त्या वेळात गाड्या कमी, जलद गाड्या धीम्या मार्गावर, आणि फलाटावर खच्चून गर्दी.

म्हणून शुक्रवार-शनिवार-रविवार हे तीन दिवस सर्वांत सोयीचे. नाटकांचे प्रयोगही शनिवार-रविवारीच जास्त लागतात. रविवारचा ब्लॉक नडत नाही का? नडतो, पण त्या वेळात आपण लोकलमध्ये नसायचंच. ते टप्पा ६ मध्ये.

*तपासा :* तुमच्या तारखा गणेशोत्सवात येत असतील तर परळ-लालबाग भागातून जाणारा कुठलाही बेत वेगळा आखावा लागेल. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनानिमित्त चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्या आठवड्यात दादरला अभिवादनासाठी जायचं असेल तर जरूर जा, पण शिवाजी पार्कात निवांत फिरण्याचा बेत तेव्हा ठेवू नका.

टप्पा २ : मुक्काम कुठे?

लॉजमध्ये राहणार असाल तर दादर, माटुंगा, परळ हा पट्टा धरा. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग हाताशी येतात. भुयारी मेट्रोचं दादर स्थानकही गोखले रोडवर आहे. ती आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, आणि सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), हुतात्मा चौक, चर्चगेट ही स्थानकं थेट फोर्टात उतरवतात. कुलाब्यात राहिल्याने समुद्र जवळ येतो, पण खिसा हलका होतो आणि बोरिवली फार लांब पडते.

नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कल्याण, डोंबिवली, विरार, पनवेल इथून निघणार असाल तर एक नियम पाळा : शहराच्या दिशेने सकाळी साडेसहाच्या आत निघा, नाहीतर अकरानंतर. परत येताना कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात गाडीत चढू नका. तेवढा वेळ बागेत, समुद्रावर किंवा नाट्यगृहात काढा. घरच्या मावशी-काकू "जेवायला आठपर्यंत या" म्हणतील. त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा की उशीर होईल, ताट झाकून ठेवा.

टप्पा ३ : लोकलची तयारी

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिकीट स्थानकात शिरण्याआधीच काढा, रेल्वेच्या अ‍ॅपवर किंवा खिडकीवर. उपनगरी रेल्वेचं १, ३ आणि ५ दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, ते खिडकीवर मागायचं. दिवसाला तीन-चार वेळा चढ-उतार असेल तर रांगेत उभं राहणं वाचतं. एसी लोकलला वेगळं तिकीट लागतं. साध्या तिकिटावर एसी गाडीत चढलात तर दंड भरावा लागतो, आणि "आम्ही बाहेरगावचे" हे कारण चालत नाही. पहिल्या वर्गाच्या डब्यांवर पट्टे असतात. चढण्याआधी डबा बघा.

फलाटावरच्या इंडिकेटरवर शेवटच्या स्थानकाचं नाव, जलद की धीमी आणि डब्यांची संख्या येते. तिन्ही वाचल्याशिवाय हलू नका. जलद गाडी मधली बरीच स्थानकं सोडते. गाडी बारा डब्यांची असेल आणि तुम्ही पंधरा डब्यांच्या जागेवर अगदी टोकाला उभे असाल, तर ती तुमच्या अलीकडेच थांबते आणि धावपळ होते. गर्दीच्या वेळी विरार जलद गाडीत अंधेरी-बोरिवलीला उतरायच्या बेताने चढू नका. ती तिथे थांबते, पण दारापर्यंत पोहोचता येत नाही. बोरिवली किंवा अंधेरीपर्यंतच जाणारी गाडी पकडा. एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळा दाखवणारं अ‍ॅप आधीच मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

दादरला आता फलाटांचे आकडे सलग आहेत : १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. जुन्या सवयीने कुणी "मध्यच्या तीन नंबरवर या" म्हणालं तर दोघांची चुकामूक नक्की.

घरात सगळ्यांना एकच गोष्ट बजावून ठेवा. कुणी मागे राहिलं किंवा कुणाची गाडी सुटली, तर पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून तिथेच थांबायचं. फोन लागो न लागो.

रस्त्यावरचं सांगायचं तर माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाही. तिथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, रिक्षाचं २६ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. मीटर टाकायला लावा.

*सोबत घ्या :* पाण्याची बाटली, टोपी, पॉवरबँक, सुट्टे पैसे, चालायला सरावलेल्या चपला. नव्या बुटांनी तीन दिवस निघत नाहीत. पाठीवरची पिशवी लोकलमध्ये पोटावर घ्यायची.

टप्पा ४ : शुक्रवार, सकाळी उत्तरेला, संध्याकाळी दक्षिणेला

सकाळी दादरहून बोरिवली. सगळे उलट दिशेने येत असतात, त्यामुळे बसायला जागा मिळते. ठाणे-डोंबिवलीकरांनी दादरला वळसा घालूच नये. ठाण्याहून घोडबंदरमार्गे बोरिवलीला बस आहे.

बोरिवली पूर्वेला उतरून उद्यानाचं मुख्य दार चालत पंधरा-वीस मिनिटांवर. साडेआठपर्यंत दारात पोहोचा. कान्हेरी तिथून आत सहा-सात किलोमीटर आहे, आणि इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, लोक चालत निघतात आणि अर्ध्या वाटेत पोरं रडायला लागतात. आत जाण्याची काय सोय आहे ते तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. दुसरी, उद्यानाचं तिकीट काढलं म्हणजे झालं असं वाटतं. लेण्यांचं तिकीट वेगळं आहे, ते पुरातत्त्व खात्याचं.

वर गेल्यावर बहुतेक जण तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह बघतात, दोन्ही बाजूंच्या उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि परततात. तसं करू नका. लेणी शंभरावर आहेत आणि खरी मौज पायऱ्या चढून वर गेल्यावर आहे. अकराव्या लेण्यात दगडी बाकांच्या दोन लांब ओळी आहेत. त्यावर क्षणभर टेका, गारवा लागतो. एकेचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. त्याहून मला महत्त्वाच्या वाटतात त्या पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळातली टाकी. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात टाकं खोदलेलं आहे, आणि वरच्या उतारावरून त्या टाक्यांकडे पाणी नेणारे कोरीव पन्हळ बोट ठेवून दाखवता येतात. मुलांना हे दाखवाच. पाऊस कसा साठवायचा ते पुस्तकापेक्षा इथे पटकन कळतं.

*सावधान :* माकडं हातातली पिशवी ओढतात, खाणं उघड्यावर काढू नका. जंगलात बिबटे आहेत, आखलेली वाट सोडून झाडीत शिरायचं नाही. पावसाळ्यात कान्हेरी सर्वांत सुंदर दिसते, पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरणारेही तेव्हाच दिसतात.

एकपर्यंत खाली या. जेवा आणि दोन तास झोप काढा. ही दुपारची विश्रांती लोक गाळतात आणि मग रात्रीची मुंबई बघायला अंगात त्राण उरत नाही.

चारनंतर पुन्हा निघा, आता दक्षिणेकडे. गर्दी उत्तरेला चाललेली असते. ग्रँट रोडला उतरून टॅक्सीने मलबार हिलला जा. हँगिंग गार्डन थोडक्यात आटपा. समोरच्या कमला नेहरू पार्कात थांबा, कारण चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची अख्खी कमान तिथून दिसते. जवळच झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा लाकडी निसर्गमार्ग २०२५ साली सुरू झाला आहे. त्याला ठरावीक वेळेचं ऑनलाइन तिकीट लागतं. आयत्या वेळी गेलात तर बाहेरूनच बघावा लागेल, म्हणून आदल्या दिवशीच काढा.

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी टॅक्सीने गिरगाव चौपाटीवर उतरा. भेळ खा, कुल्फी खा, आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याने चर्चगेटच्या दिशेने चालू लागा. क्रम हाच ठेवा. आधी वरून बघायचं, मग दिवे लागताना खालून चालायचं. उलट केलंत तर टेकडीवर पोहोचेपर्यंत अंधार होतो आणि बागा बंद व्हायला लागतात.

*सावधान :* जून ते सप्टेंबरमध्ये भरतीची वेळ वर्तमानपत्रात बघूनच इथे या. मोठ्या भरतीला लाटा कट्ट्यावरून रस्त्यावर येतात. तेव्हा कट्ट्यावर चढायचं नाही आणि खालच्या दगडांवर तर कधीच उतरायचं नाही. हाजीअलीला जाणार असाल तर तिथेही भरतीच बघायची, कारण दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते.

टप्पा ५ : शनिवार, फुलं, झाडं आणि नाटक

हा माझा लाडका दिवस, आणि बाहेरून येणारे नेमका हाच गाळतात.

सकाळी साडेसहाला दादर पश्चिमेच्या फूलबाजारात. झेंडू, शेवंती, लिली, निशिगंध यांचे ढीग आणि डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारी माणसं. वाटेत उभं राहून फोटो काढू नका, त्यांचा धंदा त्या दोन तासांतच होतो. एका कडेला उभं राहा, एखादा गजरा विकत घ्या, मग बघत बसा. त्यानंतर न्याहारी. दादरला मराठी न्याहारीचा तोटा नाही : मामा काणे, आस्वाद, प्रकाश. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष मागवा.

नऊच्या सुमारास मध्य रेल्वेने भायखळा, पूर्वेला बाहेर पडा. राणीच्या बागेत दार उघडताच शिरलात तर पेंग्विनची रांग लहान असते. ते आधी उरकून घ्या, शनिवारी अकरानंतर तिथे मुलांना उचलून धरावं लागतं. मग झाडांकडे वळा. ही मुळात वनस्पती उद्यान म्हणून लावलेली बाग आहे. गोरखचिंचेचं जाडजूड खोड, बुंध्यावरच फुलणारा कैलासपती, आणि हिवाळा सरताना आलात तर उर्वशीची लालगुलाबी झुंबरं. खोडांवर नावांच्या पाट्या आहेत, त्या वाचत चाला.

आवारातल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला तासभर द्या. १८७२ साली लोकांना खुलं झालेलं हे संग्रहालय छोटं आहे आणि जुन्या मुंबईचे नकाशे, मातीच्या प्रतिकृती, बलुतेदारांची चित्रणं यांनी भरलेलं आहे. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडलं तो हाच, बेटावरून इथे आणलेला. फोर्टातल्या काळा घोडा चौकाला ज्याच्यामुळे नाव मिळालं तो मूळ घोडेस्वार पुतळाही याच बागेत आहे. उद्या चौकात जाल तेव्हा तिथे स्वार नसलेला घोडा दिसेल, तो २०१७ साली बसवलेला.

दुपारी दादरला परत, जेवण, विश्रांती. पाच वाजता शिवाजी पार्क. इथे "बघायचं" असं काही नाही, आणि म्हणूनच पाहुणे दहा मिनिटांत निघतात. कट्ट्यावर बसा. एका वेळी क्रिकेटचे आठ-दहा सामने, मल्लखांब, फेऱ्या मारणारे आजोबा, अभ्यासाची पुस्तकं मांडीवर घेतलेली मुलं, राजकारणावर तावातावाने बोलणारे काका. मुंबईतला मराठी मध्यमवर्ग कसा जगतो ते बघायचं असेल तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. तिथून चैत्यभूमी चालत जाण्याइतकी जवळ आहे.

मग नाटक. दादरला शिवाजी मंदिर, माटुंग्याला यशवंत, प्रभादेवीला रवींद्र, पार्ल्याला दीनानाथ, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याला गडकरी. मुक्कामाच्या जवळचं नाट्यगृह निवडा. प्रयोगांच्या जाहिराती वर्तमानपत्रात रोज येतात. तिकीट ऑनलाइन किंवा नाट्यगृहाच्या खिडकीवर दोन-तीन दिवस आधी काढा, गाजणाऱ्या नाटकाला आयत्या वेळी मागच्या रांगाच उरतात. प्रयोगाच्या अर्धा तास आधी पोहोचा, तिसऱ्या घंटेआधी जागेवर बसा आणि मोबाइल बंद करा, नुसता आवाज नव्हे. अंधारात उजळलेला पडदा रंगमंचावरून नटांना दिसतो. मध्यंतरात शिवाजी मंदिरचा बटाटावडा चुकवू नका.

टप्पा ६ : रविवार, फोर्ट पायी

रविवारी सकाळी फोर्ट रिकामा असतो. ऑफिसं बंद, वाहनं तुरळक, इमारती पूर्ण दिसतात. सात-साडेसातला चर्चगेटला उतरा. ब्लॉक सुरू होण्याआधी तुम्ही पोहोचलेले असता आणि तो संपल्यावरच परतता.

लोक सीएसएमटीपासून सुरुवात करतात आणि फोटो काळे येतात. कारण साधं आहे. सीएसएमटी, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल या सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळचं ऊन त्यांच्या पाठीमागे असतं. म्हणून क्रम असा :

१. चर्चगेटहून ओव्हल मैदान. पश्चिमेच्या कडेला आर्ट डेको इमारतींची ओळ आहे, सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. गोलाई दिलेले कोपरे आणि सज्जांवरच्या आडव्या रेघा बघा. मैदानात मधोमध उभं राहा, पूर्वेला गॉथिक आणि पश्चिमेला आर्ट डेको. याच जोडीला २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

२. तिथून काळा घोडा आणि पुढे गेटवे. नऊनंतर गेटवेवर गर्दी वाढते, त्याआधी आटपा.

३. सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं. दोन-अडीच तास ठेवा आणि सगळं बघायचा हट्ट सोडा. शिल्पं आणि लघुचित्रं ही दोनच दालनं नीट बघितलीत तरी भरून पावाल. शेजारच्या जहांगीर कलादालनात प्रवेश मोफत आहे.

४. जेवण कुलाब्यात. फोर्टातली बरीच उपाहारगृहं ऑफिसांवर चालतात आणि रविवारी बंद असतात, त्यामुळे नाव ठरवून जाऊ नका.

५. साडेतीननंतर पुन्हा ओव्हल. आता राजाबाई टॉवर आणि न्यायालय उन्हात सोनेरी झालेले असतात. मग हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं स्मारक आहे, तिथे दोन मिनिटं थांबा, मुलांना सांगा. पुढे हॉर्निमन सर्कल, टाउन हॉल, आणि दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून सीएसएमटी.

६. सूर्यास्ताला सीएसएमटीसमोर, महापालिका मुख्यालयाच्या बाजूला. दिवे लागेपर्यंत थांबा आणि तिथूनच गाडी पकडा.

*तपासा :* सकाळी निघण्याआधी त्या दिवसाच्या ब्लॉकची वेळ बघा. ब्लॉक लांबला तर परतीला भुयारी मेट्रोने दादर गाठता येतं.

टप्पा ७ : रात्रीचा हिशेब

रात्र कुठे घालवायची ते मुक्कामावरून ठरवा. पश्चिम मार्गावर राहत असाल तर वांद्रे, मध्य मार्गावर असाल तर फोर्ट-कुलाबा. भुयारी मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास संपते. लोकल साधारण एक ते पहाटे चार बंद असते, आणि लांबच्या स्थानकांची शेवटची गाडी त्याआधीच सुटते. कल्याण-कर्जत-विरारकडे जाणाऱ्यांनी शेवटची गाडी कधीच ठरवायची नाही, तिच्या आधीची ठरवायची. ती चुकली तरी एक हातात राहते.

पबमध्ये जायचं असेल तर शनिवारी कव्हर चार्ज, म्हणजे आत जाण्याचे पैसे, असतो, आधी फोन करून विचारा. फक्त पुरुषांच्या गटाला अनेक ठिकाणी आत घेत नाहीत. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ लागतं. ओळखपत्र जवळ हवं, आणि त्या दिवशी ड्राय डे नाही ना तेही बघा. मद्य न घेणाऱ्यांसाठी रात्र कमी पडत नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात किंवा जुहूच्या पृथ्वी थिएटरात कार्यक्रम असतात, आणि रमजान असेल तर मोहम्मद अली रोडवर मालपुवा आणि फिरनीसाठी मध्यरात्रीही पाय ठेवायला जागा नसते.

बायकांनी रात्री महिला डब्यात बसावं. डबा अगदीच रिकामा असेल तर पुढच्या स्थानकावर उतरून माणसं असलेल्या डब्यात जा. रेल्वे पोलिसांचा १५१२ हा क्रमांक मोबाइलमध्ये आत्ताच साठवून ठेवा.

चौथा दिवस हाताशी असेल तर

घारापुरी. पण सोमवार सोडून, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना नाही. गेटवेवरून पहिल्या बोटींपैकी एक धरा, तासाभराचा प्रवास आहे, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला. धक्क्यावरून पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात, आजी-आजोबांना वाटेत दोनदा बसवा. महेशमूर्तीसमोर गेल्यावर लगेच फोटो काढू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, मग तीन मुखांवरचे वेगवेगळे भाव दिसायला लागतात. परतीची शेवटची बोट किती वाजता हे वर चढण्याआधीच धक्क्यावर विचारून घ्या.